चित्रकथा आणि आमचे सोवळे

गेल्या श्रावणात न्हावऱ्याच्या एका स्नेह्यांनी आम्हांस पत्र लिहून घरच्या कपाटासाठी चांगल्या पुस्तकांची यादी मागितली. स्नेही पेशाने शिक्षक. शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्यांचे घर. मुलगी नववीत, मुलगा सहावीत. आम्ही वीस नावे पाठविली आणि त्यांत सात चित्रकथा घातल्या. आठ दिवसांनी यादी परत आली. त्या सात नावांवर तांबड्या शाईची रेघ होती व खाली एवढेच वाक्य होते: “सर, आपणांकडून चेष्टेची अपेक्षा नव्हती.”

चेष्टा आम्ही केली नव्हती. आणि ही तांबडी रेघ एकट्या आमच्या स्नेह्यांची असती, तर ती मुकाट्याने सोसून आम्ही दुसरी यादी पाठविली असती. परंतु ही रेघ गेली पन्नास-साठ वर्षे महाराष्ट्रातील सुशिक्षित गृहस्थाच्या हातात आहे. आमच्या वडिलांच्या हातातही ती होती. ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे मराठी अंक आम्ही एस. टी. स्थानकावरील पुस्तकांच्या गाड्यावरून आणीत असू व भूगोलाच्या वहीत दडवून वाचीत असू. एके दिवशी ते बंबात गेले. ज्या घरात पुस्तकास पाय लागला तर नमस्कार करावयाचा, त्या घरात पुस्तक जाळण्यात कोणास काही वावगे वाटले नाही. कारण चित्रे असलेले ते पुस्तकच नव्हे, अशी सर्वांची खात्री होती.

स्नेह्यांनी पुढे सविस्तर पत्र पाठविले. त्यातील पहिला आक्षेप असा, की चित्र दाखविले म्हणजे मुलाची कल्पनाशक्ती मरते. हा आक्षेप इतक्या वेळा व इतक्या विद्वानांकडून ऐकावयास मिळतो, की तो कोणी तपासून पाहिला असेल काय, याचीच आम्हांस शंका येते. चित्रकथेत चित्र असते हे खरे. पण दोन चित्रांच्या मध्ये काय असते? तेथे कोरी जागा असते. एका चौकटीत बाई विहिरीत घागर सोडीत आहे. पुढल्या चौकटीत घागर एकटीच काठावर आहे. मधले जे काही घडले ते चित्रकाराने काढलेले नाही, लेखकाने लिहिलेले नाही. ते वाचणाऱ्या मुलाने स्वतः घडवावयाचे असते. त्या कोऱ्या जागेत कल्पनाशक्ती मरत नाही, राबते. ज्या घरात संध्याकाळचे तीन तास मुले मोबाइलवरील हलत्या चित्रांपुढे बसतात आणि कोणी हूं की चूं करीत नाही, त्या घरात स्थिर चित्रांच्या पुस्तकावर मात्र रेघ ओढली जावी, हा न्याय आम्हांस समजत नाही. हलते चित्र तर अशी जागाच शिल्लक ठेवीत नाही.

शिवाय ही काही विलायती साथ नव्हे. कुडाळजवळच्या पिंगुळीस ठाकर समाजातील चित्रकथी रंगविलेले कागद एकामागून एक लोकांपुढे धरून रामायण-महाभारतातील आख्याने सांगत आले आहेत. त्या कागदांच्या चळतीस ते पोथीच म्हणतात. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या वर्गातील लोकांनी वर्तमानपत्रात ती बातमी वाचून मोठा अभिमान व्यक्त केला. भिंतीवर टांगलेली चित्रकथा आम्हांस संस्कृती वाटते आणि मुलाच्या हातातली चित्रकथा पोरकटपणा वाटतो. आम्ही महाविद्यालयात इंग्रजी शिकवितो, म्हणून आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. ज्या ‘पिकविक पेपर्स’ने डिकन्सचे नाव घरोघर झाले, त्या ग्रंथाची मूळ योजना १८३६ साली रॉबर्ट सेमूर या चित्रकाराच्या चित्रांस जोड म्हणून मजकूर लिहावयाचा, अशी होती. सेमूर लवकरच वारला आणि मजकूर चित्रांस गिळून बसला. डिकन्सवर तांबडी रेघ ओढण्याचे धैर्य मात्र आमच्या स्नेह्यांस झालेले नाही. तो यादीत सुखरूप आहे.

दुसरा आक्षेप भाषेचा. येथे आम्ही बरेचसे कबूल करतो. ‘इंद्रजाल’ १९६४ साली सुरू झाले व १९९० साली बंद पडले. त्यातील वेताळ आणि मांड्रेक हे अमेरिकेहून आलेले, आणि त्यांच्या तोंडची मराठी पुष्कळदा इंग्रजीच्या मापाने बेतलेली असे. भाषेचे सोडा, एका गोऱ्या मुखवटेधाऱ्याने पिढ्यान् पिढ्या जंगलातील काळ्या लोकांचे रक्षण करावे आणि त्यांनी त्यास देव मानावे, ही कल्पनाच आज वाचताना घशाखाली उतरत नाही. ‘अमर चित्र कथा’ १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केली. तिच्यातील ‘कृष्ण’ राम वाईरकरांनी चितारला, पुढे पुण्याच्या प्रताप मुळीकांची दणकट रेषा तिला लाभली. या रेषेवर आमचे प्रेम आहे. तरीही त्या अंकांत राक्षस काळे आणि देव-राजे उजळ का, हे मुलांशी बोलल्यावाचून ते मुलांच्या हाती देऊ नयेत, असे आमचे मत आहे. आम्ही यादीत त्यांच्यापुढे तशी टीप लिहिली होती. रेघ टिपेवरूनही गेली आहे.

परंतु भाषा वाईट होती, याचा दोष कोणावर? मराठीतील उत्तम लेखकांनी या प्रकारास हातच लावला नाही. बंगाल्यात नारायण देबनाथ यांनी १९६२ पासून ‘हांदा-भोंदा’ व १९६५ पासून ‘बांटुल’ काढले, आणि ती चित्रे बंगाली घरांत आजोबा व नातू एकत्र वाचीत. मल्याळीत टॉम्स यांचे ‘बोबन आणि मोली’ असेच घरचे झाले. आमच्याकडे मोजून एक उदाहरण सांगता येते. चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ साली ‘सकाळ’मध्ये आला आणि तीन-चार चौकटींत पुण्याच्या वाड्या-सोसायट्यांतील बोलणे त्याने जसेच्या तसे पकडले. इतकी निखळ मराठी आमच्या कित्येक कादंबरीकारांस साधलेली नाही. पण चिंटू न्हावऱ्यास राहात नाही. ज्याच्या दारावरून उसाच्या ट्रॉल्या जातात, ज्याच्या वर्गात दिवाळीनंतर ऊसतोडणी कामगारांची चार मुले येऊन बसतात व पाडव्याच्या सुमारास निघून जातात, त्या मुलाची चित्रकथा कोठे आहे? ती कोणी काढली नाही. कारण काढणारा मुलगा जेथे वाढला असता, तेथेही अशीच एक तांबडी रेघ बसलेली होती.

आता ज्या पुस्तकावरील रेघेने आम्हांस खरोखर वाईट वाटले, त्याविषयी. ‘भीमायन’ २०११ साली निघाले. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची चित्रे, श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे लेखन. मूळ मजकूर इंग्रजी आहे, पण कथा आमच्या मातीतली आहे. १९०१ साली लहानगा भीम भावंडांसह साताऱ्याहून वडिलांकडे निघतो. मसूर स्टेशनवर उतरतो. जात कळताच गाडीवान गाडी हाकावयास तयार होत नाही, आणि रात्रभर पाणी मिळत नाही. या पुस्तकात चौकटी नाहीतच. गोंड घरांच्या भिंतींवर काढतात त्या दिग्न्यांच्या वळणांनी पाने विभागली आहेत. ज्याचे शब्द कोमल, त्याच्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. ज्याचे शब्द डंख मारतात, त्याच्या फुग्यास विंचवाची नांगी. शब्द विंचवासारखा असतो, हे निबंधात आम्ही शंभर वेळा लिहिले असेल. येथे ते पाहताच अंगावर काटा येतो. न्हावरे ज्या तालुक्यात आहे त्याच शिरूर तालुक्यात कोरेगाव भीमाही आहे. त्या तालुक्यातील शिक्षकाने हे पुस्तक “चित्रांचे” म्हणून बाजूस सारावे, यात आम्हांस केवळ वाङ्मयीन अभिरुचीचा प्रश्न दिसत नाही. त्याच वर्षी निघालेले ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ हे जोतीरावांच्या १८७३ च्या ‘गुलामगिरी’वरचे, त्यावरही रेघ आहे.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. ओरिजित सेन यांचे ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ १९९४ चे, नर्मदेच्या खोऱ्यातील लोक व धरण यांविषयीचे. धरणाच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या मुलखात ते अवश्य वाचले जावे. आर्ट स्पीगेलमन यांच्या ‘माउस’मध्ये ज्यू उंदीर आहेत व नाझी मांजरे; बाप आपल्या मुलास छळछावणीची हकीकत सांगतो, आणि सांगताना तो कंजूष, हेकट, असह्य म्हातारा म्हणूनच राहतो. १९९२ साली त्यास पुलित्झरचे खास पारितोषिक मिळाले. हे धाकट्यास इतक्यात देऊ नये, मुलीस द्यावे. धाकट्यासाठी टिनटिन आहे. त्याचे आरंभीचे काही भाग आफ्रिकी माणसांविषयी लाज आणणारे आहेत, ते टाळून तिबेटचा भाग आधी द्यावा.

तिसरा आक्षेप परीक्षेचा होता. त्यास आम्ही उत्तर देत नाही. डिकन्सही परीक्षेस उपयोगी नाही.

या पत्रव्यवहाराच्या मध्यंतरी आम्ही ‘भीमायन’ पोस्टाने न्हावऱ्यास पाठविले होते. ते परत येईल अशी आमची अपेक्षा होती. ते आलेले नाही. त्याऐवजी नववीतल्या कन्येचे एक कार्ड आले आहे: “काका, बाबांनी पुस्तक कपाटावर ठेवलं आहे. मी स्टुलावर चढून काढते. विंचवाचं पान दादाला दाखवलं तर चालेल का? तो सहावीत आहे, पण मी त्याला दादाच म्हणते.” दाखवावे, असे आम्ही उलट टपाली कळविले आहे, आणि स्टूल नीट धरावयास त्यालाच सांगावे, असेही.