युनियन म्हणजे तिऱ्हाईत?

बहुराष्ट्रीय कंपन्यांचे एचआर अधिकारी एक युक्तिवाद ठामपणे मांडतात. चांगला पगार आहे, कँटीन आहे, ने-आणीला बस आहे, तक्रार थेट साहेबांपर्यंत नेता येते. मग कंपनी आणि कामगार यांच्यामध्ये युनियन हा तिऱ्हाईत कशाला?

तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूरच्या सॅमसंग कारखान्यात हा युक्तिवाद टिकला नाही. 2007 पासून तिथे फ्रिज, टीव्ही आणि वॉशिंग मशीन तयार होतात. 9 सप्टेंबर 2024 रोजी हजाराहून अधिक कामगार संपावर गेले आणि 37 दिवस ठाम राहिले. परिसरातल्या तशाच कामगारांच्या सरासरी पगारापेक्षा आपला पगार 1.8 पट आहे, असे कंपनीने सांगितले. हा आकडा खरा धरला, तर प्रश्न अधिकच टोकदार होतो. इतका पगार मिळवणारी माणसे महिनाभराहून अधिक काळ पगारावर पाणी सोडतात, म्हणजे त्यांना पगारापलीकडचेही काही हवे असते. पगारवाढ त्यांना हवीच होती. पण तेवढीच आग्रहाची मागणी होती ती आपल्या संघटनेला मान्यता मिळावी ही. संघटना स्थापन करण्याचा हक्क राज्यघटनेच्या 19व्या कलमात आहे. तरीही नोंदणीसाठी मद्रास उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले आणि ती हाती पडली जानेवारी 2025 मध्ये.

‘प्रत्येक देशाची कार्यसंस्कृती वेगळी’ हा दुसरा बचाव. पण सॅमसंगच्या मायदेशात काय घडले? मे 2020 मध्ये कंपनीचे प्रमुख ली जे-योंग यांनी जाहीर माफी मागून ‘युनियनविना व्यवस्थापन’ हे जुने धोरण सोडत असल्याचे सांगितले. जुलै 2024 मध्ये कोरियातल्या सॅमसंग कामगारांनी युनियनच्या झेंड्याखालीच संप केला. सोलमध्ये जे धोरण सोडले, त्याची झळ श्रीपेरुंबुदूरच्या कामगाराने का सोसावी? पगार देशागणिक बदलेल, ते समजू शकते. हक्क बदलणे हा सरळ अन्याय आहे.

युनियन आली की गुंतवणूक पळते, ही भीती तर महाराष्ट्रातही घातली जाते. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना पाहावा. भारतात गाड्या खपेनात, म्हणून कंपनीने 2017 मध्ये देशातली विक्री थांबवली आणि डिसेंबर 2020 मध्ये उत्पादनही बंद केले. हा निर्णय कंपनीच्या जागतिक हिशेबातून झाला होता. तो अंगावर आल्यावर कामगारांच्या बाजूने उभी राहिली ती युनियनच. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. श्रीपेरुंबुदूरजवळच्या आपल्या कारखान्यात युनियनच्या मान्यतेवरून झालेले संप या कंपनीने अनुभवले आहेत. तरी तिने भारतातला पसारा वाढवलाच.

जर्मनीत तर 1976 च्या कायद्याने दोन हजारांहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींना दिल्या. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज याच व्यवस्थेत मोठ्या झाल्या, आणि दोघींचे कारखाने चाकणला आहेत. महाराष्ट्रानेही 1971 च्या कायद्यात 30 टक्के सदस्यसंख्येवर युनियनला मान्यता देण्याची रीत घालून दिली होती. वाटाघाटीच्या टेबलावर कामगाराने निवडलेला माणूस बसवणे हे चांगल्या एचआरचे पहिले काम आहे. चाकणमध्ये त्याची सुरुवात कंत्राटी कामगारांपासून व्हायला हवी. शेजारी उभ्या कायम कामगाराचेच काम करूनही त्या टेबलापासून सर्वांत दूर तेच आहेत.