हातउसने दिले, पण कागद कुठे आहे?

आमच्या वस्तीत पैसे मागायला आलेला माणूस दारात उभा राहून मागत नाही. तो आत येतो, चहा घेतो, मुलांची चौकशी करतो आणि मग हळूच विषय काढतो. अशा माणसाकडून लिहून कसे घ्यायचे? "आपल्याच माणसावर अविश्वास?" या एका प्रश्नापुढे निवृत्तीचा फंड, ग्रॅच्युइटी, मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली रक्कम विनाकागद घराबाहेर जाते.

या संकोचाचे मूळ आम्हाला ठाऊक आहे. आमच्या आजे-पणजांनी आयुष्यात जो कागद पाहिला तो सावकाराचा होता. त्यावर अंगठा उमटला की जमीन गेली, भांडी गेली, पोरगा सालाने राबायला गेला. कागद म्हणजे फास, हे पिढ्यान्‌पिढ्या मनात बसले. पण तो कागद सावकाराला वाचता येत होता, आम्हाला येत नव्हता, म्हणून तो फास होता. आज आमच्या घराघरात पदवीधर आहेत, तरी आम्ही कागदाला भितो!

गेल्या पावसाळ्यात एस.टी.तून निवृत्त झालेले एक मेकॅनिक आमच्याकडे आले. विहारातल्या सोबत्याला घर बांधायला त्यांनी दोन लाख रुपये रोख दिले होते. व्याज नाही, मुदत नाही. "मागशील तेव्हा देईन," एवढीच बोली. चार वर्षे सोबती "देतो, देतो" म्हणत होता आणि हे थांबत होते. आम्ही पैसे दिल्याची तारीख विचारली आणि गप्प झालो. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे उसन्या रकमेच्या वसुलीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. आणि "मागशील तेव्हा" या बोलीवर दिलेल्या पैशांची तीन वर्षे मागितल्या दिवसापासून नव्हे, दिल्या दिवसापासून मोजतात. चांगल्या शिकलेल्यांनाही हे माहीत नसते. तोंडी आश्वासनाने मुदत वाढत नाही. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी कर्ज कबूल केले, किंवा थोडी रक्कम परत करून तसे सहीने लिहून दिले, तर तिथून नवी तीन वर्षे मिळतात.

मुदत उलटल्यावरही एक वाट उरते. भारतीय करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी, सहीचे वचन बंधनकारक असते. आम्ही नोटीस काढली नाही, त्या गृहस्थांना सोबत्याच्या घरी पाठवले. सोबत्याने बसल्या जागी लिहून दिले. म्हणाला, "आधी मागितले असते तर आधीच दिले असते." चार वर्षे दोघे एकमेकांना लाजत होते!

तेव्हा पैसे द्यायचेच तर बँकेतून द्या. वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने कर्जाऊ घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. केवळ रोख दिले म्हणून येणे बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली चेकच्या एका खटल्यात सांगितले आहे. पण रोख दिल्याचा पुरावा कुठून आणणार? प्रॉमिसरी नोट घ्याल तर तिकीट लिहितेवेळीच लावा. या कागदाला नंतर दंड भरून वाचवता येत नाही. फेडीसाठी चेक घेतला असेल तर तो तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाका. न वटता परत आला, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर देणेकऱ्याला पंधरा दिवस असतात. तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कलम १३८ ची तक्रार. "साहेब, जरा थांबलो, म्हटले देईल," असे म्हणत येणाऱ्यांचे हे तीस दिवस हमखास गेलेले असतात.

आता एक कडू गोष्ट. आमच्यातलेच काही पगारदार महिना पाच टक्क्यांनी आमच्याच बांधवांना पैसे फिरवू लागले आहेत. मित्राला अडीनडीला एकदा उसने देणे ही सावकारी नव्हे. पण परवान्याशिवाय हा धंदा करणे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अशा वसुलीचे वकीलपत्र आम्ही घेत नाही. भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत ऋण नसण्याचे सुख आहे. धम्मबांधवाचे तेच सुख महिन्याच्या हप्त्याने विकत घेणाऱ्याने विहारात पहिल्या रांगेत बसावे, याची आम्हाला लाज वाटते.

घेणाऱ्यानेही सावध राहावे. सही केलेला कोरा चेक देऊ नका. रक्कम दुसऱ्याने भरली तरी सही तुमची असल्याने कायद्याचे गृहीतक तुमच्याविरुद्ध जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि जमीन तारण द्यायची तर नोंदणीकृत गहाणखत करा, "नावापुरते" खरेदीखत नको. पैसे फेडल्यावर जमीन परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर कायदा त्याला गहाण मानत नाही. बेकायदा सावकाराने अशी जमीन लिहून घेतली असेल, तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. पंधरा वर्षांच्या आतला व्यवहार असेल तर चौकशीअंती ती जमीन परत देण्याचा आदेश ते देऊ शकतात. ज्यांच्या दस्ताला चौदावे वर्ष लागले आहे त्यांनी पुढच्या सुगीची वाट पाहू नये. दस्ताची नक्कल दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मिळते.