कॉफी गरम असते, पण किती?

मागच्या महिन्यात आमच्या गावातील एका निवृत्त गुरुजींचा मुलगा अमेरिकेहून सहकुटुंब आला. नातवाला सर्दी झाली म्हणून गुरुजी त्याला बाबागाडीत बसवून दवाखान्यात घेऊन आले. औषध लिहून झाल्यावर त्यांनी गाडीच्या दांड्यावरची इंग्रजी चिठ्ठी मला मराठीत वाचून दाखवली, ‘घडी घालण्यापूर्वी मूल गाडीतून बाहेर काढावे.’ बाकावरचे रुग्ण खोकला विसरून हसले. ‘‘डॉक्टर, चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या देशात हे सांगावं लागतं?’’ गुरुजींनी विचारले.

सांगावे लागते खरे! इस्त्रीवर ‘अंगातल्या कपड्यांना इस्त्री करू नये’, संडास घासण्याच्या ब्रशवर ‘अंग स्वच्छ करण्यासाठी वापरू नये’ असे इशारे तिकडे सापडतात. मिशिगन राज्यात 1997 पासून अशा विक्षिप्त इशाऱ्यांची स्पर्धाच सुरू झाली. धोक्याची पुरेशी सूचना न दिल्यामुळे ग्राहकाला इजा झाली, तर उत्पादक जबाबदार धरला जातो, असा तिथला कायदा आहे. अशा दाव्यांत वकील बहुधा आधी पैसे घेत नाहीत. भरपाई मिळाली तर त्यात वाटा घेतात. आपल्याकडे वकिलांना अशी वाटणी ठरवता येत नाही. त्यामुळे तिथली कंपनी दिसेल त्या धोक्याची चिठ्ठी चिकटवून मोकळी होते.

‘ऊठसूट कोर्टात जाणारा समाज’ म्हटले की एका म्हातारीचे उदाहरण हमखास दिले जाते. कॉफी स्वतःच्या अंगावर सांडली आणि लाखो डॉलर मिळवले! मीही हा किस्सा मित्रांत रंगवून सांगितला आहे. पुढे त्या खटल्याची हकीकत वाचली आणि मान खाली गेली.

फेब्रुवारी 1992. न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्क शहर. 79 वर्षांच्या आजींनी मॅकडोनल्ड्समधून 49 सेंटची कॉफी घेतली. गाडी नातू चालवत होता आणि त्या वेळी ती उभी होती. साखर-दूध घालण्यासाठी पेला गुडघ्यांत धरून झाकण काढताना कॉफी मांडीवर सांडली. त्वचेची पूर्ण जाडी जळाली. आठ दिवस रुग्णालय, त्वचारोपण. आजींनी कंपनीकडे सुमारे 20,000 डॉलर मागितले. कंपनीने 800 देऊ केले.

मग खटला झाला आणि कागदपत्रे बाहेर आली. कॉफी 82 ते 88 अंश सेल्सिअसला दिली जात होती. एवढ्या उष्णतेने काही सेकंदांत कातडी जळते. आधीच्या दहा वर्षांत भाजल्याच्या 700 तक्रारी कंपनीकडे आल्या होत्या. एवढी गरम कॉफी लगेच प्यायली तर तोंड आणि घसा भाजेल, हे कंपनीच्या अधिकाऱ्यानेच साक्षीत मान्य केले. 1994 साली ज्यूरीने 20 टक्के चूक आजींच्या पदरात घालून 1 लाख 60 हजार डॉलर भरपाई आणि 27 लाख डॉलर दंड ठरवला. न्यायाधीशांनी एकूण रक्कम 6 लाख 40 हजारांवर आणली. शेवटी दोघांत तडजोड झाली. हसणाऱ्यांच्या लक्षात मात्र 27 लाखच राहिले.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या पेल्यावर सूचना होती! म्हणजे उणीव नुसत्या चिठ्ठीची नव्हती, उणीव उष्णतामान कमी करण्याच्या इच्छेची होती. आज कॉफीच्या पेल्यांवर ठळक अक्षरांत ‘गरम आहे’ असे छापतात. हा उपाय स्वस्त आहे, पण असल्या चिठ्ठ्या वाढत गेल्या की वाचणारा वैतागतो आणि जी खरोखर जीव वाचवणारी ती ओळ त्या गर्दीत हरवते. औषधाच्या डबीतल्या लांबलचक कागदाची घडी तुमच्यापैकी किती जण उलगडतात? म्हणून माझे मत असे की कोर्टात जाणाऱ्याला सरसकट लोभी म्हणू नये आणि चिठ्ठी लावली म्हणजे काळजी घेतली, असेही समजू नये.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या चहाच्या पातेल्यावर कोणतीच चिठ्ठी नसते. गेल्या वर्षी दीड वर्षाचे एक मूल माझ्याकडे आणले होते. ओट्याच्या कडेला ठेवलेला चहा त्याने ओढून अंगावर घेतला होता. छातीवर टूथपेस्टचा थर दिलेला. तो काढताना मुलाने फोडलेला टाहो मी विसरलेलो नाही. भाजल्यावर टूथपेस्ट, शाई, तूप, हळद, बर्फ काहीही लावू नये. चिकटलेले नसतील तर कपडे आणि दागिने काढावेत. भाजलेला भाग नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटे धरावा, बाकीचे अंग गार पडू देऊ नये. फोड फोडू नयेत. मग स्वच्छ फडक्याने झाकून डॉक्टर गाठावा. मूल मांडीवर असताना गरम चहा हातात घेऊ नये.

गुरुजी निघताना मी विचारले, ‘‘घरी चहाचं पातेलं कुठे ठेवता?’’ ते क्षणभर थांबले. ‘‘खालीच, चुलीशेजारी,’’ म्हणाले. बाबागाडीवरची चिठ्ठी त्यांनी पुन्हा एकदा पाहिली. या वेळी हसले नाहीत.