रांधणारीचे ताट

आपला भंडारा जिल्हा धानाचा. पावसाळ्यात रोवणी होते, दिवाळीच्या सुमारास कापणी लागते आणि धुऱ्यावर तूर उभी असते. म्हणजे भात आणि वरण दोन्ही एकाच बांधीतून घरात येतात. येथल्या सुवासिक चिन्नोर तांदळाला तर भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तरीही सुट्टीच्या दिवशी साधा वरण-भात करायचा म्हटले की आपल्याला कमीपणा वाटतो. मग बिर्याणी, सालन, कबाब, शिवाय गोड. खाणारे वीस मिनिटांत उठतात. रांधणारी मात्र सकाळपासून उभीच असते.

सातवीच्या मुलांना आम्ही 'आमच्या घरचे जेवण' या विषयावर निबंध लिहायला दिला होता. मुलांनी पदार्थांची नावे हौसेने लिहिली. पण अनेक वह्यांत एक वाक्य सारखेच होते: 'अम्मी सगळ्यांचे झाल्यावर जेवते.' त्यात तक्रार नव्हती. सूर्य पूर्वेला उगवतो, तितक्याच सहजपणे मुलांनी ते लिहिले होते. आम्हाला काळजी वाटली ती याचीच.

या बाबतीत आपल्याला दिलेली शिकवण फार स्पष्ट आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची रिवायत आहे. सेवक जेवण तयार करून आणील तेव्हा त्याला सोबत बसवावे, ते जमले नाही तर निदान एक-दोन घास तरी द्यावेत, असे प्रेषित (स.) यांनी सांगितले. कारण आगीची धग आणि रांधण्याचे कष्ट त्यानेच सोसलेले असतात. सेवकाचा एवढा विचार, तर मग आई, पत्नी, बहीण, सून यांचा किती करावा?

आमच्या मते यावर घरात होण्यासारखा उपाय एकच, स्वयंपाक सोपा करणे. आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी रात्रीचा बेत असा ठेवून पाहा.

चौघांसाठी दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी तूरडाळ धुऊन अर्धा तास भिजत घालावी. जुन्या तांदळाला दुप्पट पाणी लागते. नवा असेल तर थोडे कमी, नाहीतर भात गिच्च होतो. डाळीत हळद आणि चार थेंब तेल घालून कुकरच्या तीन-चार शिट्ट्या कराव्यात. घोटून मीठ घालावे आणि जिरे, ठेचलेला लसूण व दोन सुक्या मिरच्यांची फोडणी द्यावी. तेवढ्यात दुसऱ्या शेगडीवर टमाटर आणि हिरव्या मिरच्या भाजून घ्याव्यात. साल काढून लसूण, मीठ, कोथिंबीर घालून रगडले की चटणी तयार. सोबत कांदा. भिजवण्याचा वेळ सोडला तर पाऊण तासात सगळे होते, आणि गरम भाताची वाफ घरभर फिरेपर्यंत मुलेही गोळा होतात.

दस्तरख्वान अंथरणे, पाणी भरणे, कांदा चिरणे ही कामे मुला-मुलींत सारखी वाटून द्यावीत. हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे की प्रेषित (स.) घरी असत तेव्हा घरच्या कामांत हातभार लावत. मग आपल्या मुलाने ताटे मांडली तर त्यात संकोच कसला?

सगळे पदार्थ मधोमध ठेवावेत, म्हणजे वाढण्यासाठी कोणाला उठावे लागत नाही. मोबाईल दुसऱ्या खोलीत. बिस्मिल्लाह म्हणून पहिला घास सर्वांनी एकत्र घ्यावा, आणि तो सावकाश चावावा. लसणाचा खमंगपणा, तांदळाचा वास, चटणीचा आंबटपणा हे घाईत कळतच नाही. जेवणाला नावे ठेवू नयेत, प्रेषित (स.) यांनी कधीही ठेवली नाहीत. खाऊनही पोट भरत नाही असे काही सहाबांनी सांगितले, तेव्हा वेगवेगळे न बसता एकत्र जेवा आणि अल्लाहचे नाव घ्या, त्यात बरकत आहे, असे त्यांना सांगण्यात आले. ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे.

'मला भूक नाही, तुम्ही बसा,' असे घरची बाई म्हणेल. वर्षानुवर्षांची सवय आहे ती. तिच्याशी वाद घालू नका. तिचे ताट आधी वाढा, आणि ती येऊन बसेपर्यंत कोणी भाताला हात लावू नका.