इन्फोसिस पुरस्कार आणि पेशीतला डिलीट न होणारा मेसेज

हिंजवडीत ‘इन्फोसिस’ म्हटलं की आम्हाला बसस्टॉप आणि शिवाजी चौकातलं ट्रॅफिक आठवतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘पुण्याच्या शास्त्रज्ञाला इन्फोसिस पुरस्कार’ ही बातमी आली, तेव्हा आमच्या ग्रुपवर चर्चा फक्त एक लाख डॉलरची झाली. काम कशावर, हे कुणी विचारलंच नाही. मीही नाही, नंतर वाचलं.

पुरस्कार होता पाषाणच्या आयसरमधल्या सिद्धेश कामत यांना. विषय लिपिड्स, म्हणजे स्निग्ध रेणू. आपल्याला लिपिड म्हणजे बाबांचा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट. पण प्रत्येक पेशीभोवतीचं पटल मुख्यतः याच रेणूंचं असतं, आणि ते नुसतं मोबाइल कव्हर नाही. त्यातलेच काही रेणू कापून पेशी मेसेज तयार करते.

उदाहरण बघा. पटलात फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचं दोन शेपट्यांचं लिपिड असतं. एबीएचडी१६ए हे एन्झाइम त्याची एक शेपटी कापतं, की तयार होतं लायसो-पीएस. ते रोगप्रतिकारक पेशींना कामाला लावतं. काम झालं की एबीएचडी१२ हे दुसरं एन्झाइम त्याला तोडतं. हे झालं डिलीट बटण. या जोडीचा हिशेब मांडणाऱ्या २०१५ च्या शोधनिबंधाचे पहिले लेखक कामतच होते.

बटण बिघडलं तर? एबीएचडी१२ च्या जनुकात दोष असला की फार्क नावाचा दुर्मिळ आनुवंशिक आजार होतो, हे २०१० मध्ये कळलं. हातापायांच्या नसा, ऐकणं, तोल, नजर, सगळं वर्षानुवर्षं हळूहळू ढासळतं. हे जनुक बंद केलेल्या उंदरांच्या मेंदूत लायसो-पीएस साचलेलं दिसलं. मोतीबिंदू काढता येतो, कानात इम्प्लांट बसवता येतं, पण मूळ आजारावर औषध नाही. मोरी तुंबलीये तर नळच बंद करायचा, म्हणजे एबीएचडी१६ए रोखायचं, हा विचार मला पटतो. पण तो नळ इतर कामांसाठीही लागतो, हीच खरी अडचण.

२०२४ पासून हा पुरस्कार चाळिशीच्या आतल्यांनाच देतात. मला हे योग्य वाटतं. लॅब उभी राहत असतानाच हात मिळायला हवा.

हे ग्रुपवर टाकल्यावर एकाने विचारलं, “मग लिपिड प्रोफाइलमध्ये हे दिसतं का रे?” नाही. तिथे कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड मोजतात. लायसो-पीएस शोधायला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो.