आधी थांबायची सोय करा

जुनी मसल कार घेतली की लोक पहिले पैसे इंजिनात घालतात. ते आधी ब्रेकमध्ये घाला. माझी अख्खी नोकरी डेट्रॉईट परिसरात गाड्यांचे ब्रेक करण्यात गेली, त्यामुळे मला पक्षपाती म्हणा हवं तर.

माझ्याकडे १९६६ सालची पॉन्टिॲक जीटीओ आहे. पॉन्टिॲकच्या मालक कंपनीनं, जनरल मोटर्सनं, मध्यम आकाराच्या गाड्यांमध्ये मोठी इंजिनं घालायला मनाई केली होती. पॉन्टिॲकमधला इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये टेम्पेस्ट लमान्सचं 'ऑप्शन पॅकेज' म्हणून ३८९ घनइंची, म्हणजे ६.४ लिटरचं व्ही-एट आत सरकवलं. नियमाला बगल देऊन निघालेल्या या गाडीला आज तिचेच भक्त नियमात जखडू पाहतात, याची मला गंमत वाटते.

कागदावर तिची ताकद ३३५ अश्वशक्ती. पण त्या काळी इंजिन नुसतं स्टँडवर ठेवून मोजत; एअर फिल्टर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही. सिग्नलवरून सुटताना व्ही-सिक्स इंजिनाची घरगुती कॅम्री तिला सहज मागे टाकेल. थांबण्याचा हिशेब मात्र कागदावरही भीतीदायक होता. चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि ब्रेक ऑइलची एकच वाट. एक नळी फुटली की पेडल थेट तळाला. दोन स्वतंत्र वाटांचा मास्टर सिलिंडर पॉन्टिॲकनं पुढच्या वर्षी दिला. शिवाय ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब जातो. उतारावर दोन-तीनदा जोरात दाबलं की चौथ्यांदा पाय खोल जातो आणि गाडी पुढेच.

म्हणून पुढे डिस्क, दुहेरी मास्टर सिलिंडर, रेडियल टायर. मग गिअरबॉक्स, कारण मूळच्या चार गिअरमध्ये ताशी ७० मैलांना इंजिन तीन हजारांवर ओरडत राहतं. पाचवा ओव्हरड्राइव्ह गिअर बसवल्यावर ते एकवीसशेपर्यंत उतरतं आणि शेजारी बसलेल्याशी बोलता येतं. इग्निशनचे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक युनिट टाकलं. ते डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली लपतं, कुणाला कळतही नाही.

खरी परीक्षा वेगाची नसते, ऑगस्टमधल्या ट्रॅफिकची असते. १९९५ पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथल्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची ड्रीम क्रूझ भरते, फर्नडेलपासून थेट पॉन्टिॲक गावापर्यंत. त्या रांगेत इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा मंदावतो आणि पाणी उकळतं. मोठा ॲल्युमिनियम रेडिएटर घ्या, विजेचा पंखा लावा. मग त्या पंख्याला जुन्या अल्टरनेटरची वीज पुरत नाही. तो बदलला की साठ वर्षांची वायरिंग तापते. एका पंख्यापायी अर्धी गाडी उघडावी लागते, आणि ती उघडावीच. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबरी नळ्या खातं. भारतात आता वीस टक्के आहे, तेव्हा तिथल्या जुन्या फियाटवाल्यांनीही नळ्या तपासाव्यात.

आमच्या क्लबातले एक गृहस्थ बॉनेटखाली वाकून म्हणाले, "बाई, तुम्ही हिचा इतिहास पुसलात." मी एकही भोक पाडलेलं नाही. सगळे भाग मूळच्याच बोल्टांवर बसलेत आणि मूळचे ड्रम फळीवर आहेत. त्यांची गाडी ट्रेलरवरून येते आणि ट्रेलरवरूनच जाते. मला तो प्रकार जास्त वाईट वाटतो: ब्रेकचे सिलिंडर उभ्या उभ्या गंजतात, सील सुकतात. आणि सहाशे अश्वशक्ती कोंबून चारही चाकांना तेच ड्रम ठेवणारे तरुणही मला तितकेच नकोसे.

कायद्यालाही जुनी गाडी शोकेसमध्येच हवी असते. आमच्या मिशिगन राज्याची स्वस्त ऐतिहासिक पाटी घेतली की प्रदर्शनं, मिरवणुका आणि क्लबचे कार्यक्रम. सर्वसाधारण वापराला फक्त ऑगस्ट महिना. संग्राहकांच्या स्वस्त विम्यातही बहुधा ऑफिसला जाणं बसत नाही. मी साधी पाटी आणि साधा विमा घेतला, आणि हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठ पडेपर्यंत रोज चालवते. मिठात मात्र नाही. चासी एकदा सडली की डिस्क कशाला बांधणार?

भारतात २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेची पाटी दिली, हे चांगलंच झालं. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात राखलेली हवी, आणि पाटी घेतली की नियमित वापर बंद. म्हणजे पुण्यातल्या कुणी आपल्या फियाटला डिस्क बसवली, तर सुधारणा म्हणून कौतुक होण्याऐवजी तिच्या मूळपणावरच प्रश्न यायचा. माझ्या मते सुरक्षेचे बदल 'मूळ स्वरूपा'च्या व्याख्येतून वगळावेत, दरवर्षी ब्रेकची चाचणी घ्यावी आणि पास होणारीला रोज चालू द्यावं. नापास झाली तर तिला मिरवणुकीतही सोडू नये. तिथे तर रस्त्याच्या कडेला मुलं उभी असतात.