सातबारा भिजत नाही, भात भिजते

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर उभे राहिले म्हणजे डोळ्यांत भरतात त्या मालमोटारी आणि कापडाचे तागे. नाका ओलांडून पडघा-वज्रेश्वरीच्या अंगाला गेले की याच तालुक्यात भातशेतीही आहे, हे राज्यकर्त्यांना आठवते ते केवळ पंचनाम्याच्या दिवसांत. कापून वाळत घातलेल्या भातावर परतीचा पाऊस कोसळतो, दाण्याला मोड येतात, पेंढा कुजतो आणि मग मदतीच्या घोषणांचा दुसरा पाऊस सुरू होतो.

या मदतीचा हिशेब एकदा मांडलाच पाहिजे. २०१९ च्या अवकाळी पावसानंतर राष्ट्रपती राजवटीत राज्यपालांनी खरीप पिकांसाठी हेक्टरी ८,००० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, जाहीर केले. २०२२ साली जिरायत पिकांचा दर १३,६०० रुपये आणि मर्यादा तीन हेक्टर झाली. विधानसभेची निवडणूक आटोपल्यावर, मे २०२५ मध्ये, तोच दर ८,५०० रुपयांवर आणि मर्यादा दोन हेक्टरांवर आणण्यात आली. सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली गेला, ओरड झाली, तेव्हा ऑक्टोबरात रब्बीच्या बियाण्यासाठी म्हणून १०,००० रुपयांची भर पडली. पाऊस तोच, भात तेच, शेतकरी तोच. बदलली ती सत्ताधाऱ्यांची गरज! धन्याच्या मर्जीने जी रक्कम चढते-उतरते तिला हक्क म्हणत नाहीत, बक्षिसी म्हणतात.

८,५०० च्या दराने वीस गुंठेवाल्याच्या हाती सतराशे रुपयांच्या आसपास पडतात. सरकारी कागदात या रकमेचे नाव आहे 'निविष्ठा अनुदान'. म्हणजे बी-बियाणे आणि खताची अंशतः भरपाई. लावणीपासून कापणीपर्यंत घरच्या बायामाणसांनी चिखलात गाळलेल्या घामाचा त्यात एक पैसाही धरलेला नाही. तेहतीस टक्क्यांहून कमी नुकसान झाले असेल, तर तेवढेही नाही.

परंतु खरा अन्याय याहून खोल आहे. पैसा जातो तो सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याच्या खात्यात. तोंडी बोलीवर, अर्धेलीने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुणब्याचे वा आदिवासीचे नाव कोठल्याच कागदावर नसते. ते का नसते? १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या 'कृषक दिना'ने कसणारास मालकी देण्याचे वचन दिले. त्या कायद्याच्या धाकाने जमीनमालकाने कसणारा कागदावरून पुसून टाकला. कसणाऱ्याच्या रक्षणासाठी केलेला कायदा अशा रीतीने त्याच्याच नावावर बोळा फिरविण्याचे निमित्त ठरला. आणि कापणीची मजुरी बुडालेल्या कातकरी बाईचा तर पंचनाम्यात उल्लेखही नाही. पीक ज्याचे बुडाले तो उपाशी. कागद ज्याच्याजवळ तो लाभार्थी!

सातबारा सोडला तर कोणीही उठून पैसे मागेल, असे साहेब लोक म्हणतील. शेत कोणी कसले हे कचेरीला ठाऊक नसेल. गावाला ते पक्के ठाऊक असते. ग्रामसभेत यादी वाचून दाखवा, हरकती तेथेच घ्या.

तिजोरीत पैसा नाही, हे उत्तर १९७२ च्या दुष्काळातही ऐकले होते. तेव्हा या महाराष्ट्रातील कष्टकऱ्यांनी भीक मागितली नाही, काम मागितले. मोर्चे निघाले, घेराव झाले आणि अखेर १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करावा लागला. जगात अन्यत्र क्वचितच आढळणारा तो हक्क सरकारच्या दयेतून आलेला नव्हता, लोकांच्या रेट्यातून आला होता.

म्हणून साथींनो, केवळ दरवाढीचे निवेदन देऊन परतू नका. भरपाईचा दर उत्पादनखर्चाशी कायद्याने बांधा. कसणाऱ्याचे नाव पंचनाम्यात लिहा. बुडालेल्या मजुरीची भरपाई द्या. या तीन मागण्या घेऊन पुढचा मोर्चा तहसील कचेरीवर गेला पाहिजे. त्यात सातबारावाला आणि बिनसातबाऱ्याचा खांद्याला खांदा लावून चालले, तरच सरकारला ऐकू येईल.